डोहात काही नाही

गावाचं नाव मी सांगणार नाही. मूर्तिजापूरहून सकाळी गाडी जुंपली की ऊन तापायच्या आत माणूस पोचतो, एवढं पुरे. नाव सांगितलं की लोक विचारतात, शेत कुठे, घरात कोण कोण, विहिरीला पाणी किती. आणि आमच्याकडे कोणी एक प्रश्न विचारला की त्याच्या पोटात दुसरा कोणता आहे, हे आधी हुडकावं लागतं. माझी बायको म्हणायची, "तुमाले कोणी राम राम केला तं तुमी त्याच्या हाताकडे पायता." पाहतोच. राम राम करणाऱ्याच्या दुसऱ्या हातात काय आहे ते पाहावं.

ही गोष्ट कापसाला भाव चढला तेव्हाची. सातासमुद्रापार कुठे लढाई जुंपली होती म्हणत. कोण कोणाशी लढत होतं ते आम्हाला ठाऊक नव्हतं आणि आम्ही विचारलंही नाही. आमच्या काळ्या रानाचा कापूस अमरावतीला गेला की हातोहात उचलला जायचा, एवढं खरं. माझ्या सोयऱ्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. आणि माणसाजवळ चार गोष्टी जमल्या की त्या बघायला पाचवा येतोच. जमिनीची पाहणी करणारे लोक साखळ्या घेऊन आले, शेताशेतात खड्डे खणून, सारा बसवायला मातीची प्रत ठरवू लागले. गावानं त्यांना एकमुखानं सांगितलं, "काय पिकते इथं जी? गोटे!" शेताच्या ज्या धुऱ्यावर उभं राहून हे सांगितलं, त्याच्या अलीकडे कपाशी छातीला लागत होती. आमच्या गावच्या पोराला 'आई' म्हणता येतं, आणि लगेच त्यामागून 'काई नाई' म्हणता येतं.

माझ्या बापाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. आधी बोंडं दिसेनाशी झाली, मग बैल, मग माणसं. तरी वेचणीला तो शेतात यायचा. पण त्याच्या कमरेला खोचलेल्या ओट्यातला कापूस बाया मागाहून पुन्हा निवडायच्या, कारण त्यात पाचोळा फार असायचा. एक दिवस ते त्याच्या कानावर आलं. त्यानंतर त्यानं शेतात पाऊल टाकलं नाही. मग त्याच्यापाशी उरला फक्त डोह.

नदी आमची लहान, पुढे पूर्णेला मिळते. होळीनंतर तिचं पात्र कोरडं पडतं आणि जागोजागी डोह तेवढे राहतात. वरचा डोह गुरांचा. गावाखालचा, काळ्या खडकाच्या कुशीतला, गळ टाकणाऱ्यांचा. घरापासून त्या खडकापर्यंतची वाट बापाच्या पायांना पाठ होती. बाभळीचं खोड, मग उतार, मग वाळू, मग खडकाची पायरी, आणि पायरीवर त्याची बसायची जागा. आम्ही दोरीला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा बांधायचो. तो बुडाला की समजायचं, मासा लागला. बापाला तो तुकडा दिसत नव्हता. त्यानं तो काढून टाकला आणि दोरी बोटाला गुंडाळून बसू लागला. आम्हा डोळसांपेक्षा त्याला जास्त मासे लागत. दिवस कलताना एखादी मरळ आणून तो चुलीपाशी ठेवायचा, तेव्हा त्याचा आवाज पुन्हा घरधन्याचा व्हायचा. मला म्हणायचा, "तिले सांग, तिखट हात राखून टाक म्हना." दिवसभरात हुकमाचं म्हणून तो एवढंच बोले. मला ते ऐकायला फार बरं वाटायचं.

गावात गळ टाकणारे बरेच होते. सुतार, तेली, मी, खुद्द पाटीलसुद्धा. भोयांची जाळी हा त्यांचा धंदा. आमची आपली हौस, कामातून वेळ मिळाला तर. आमची रीत एकच होती. एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर बसायचं आणि कोणाला काय लागलं ते विचारायचं नाही. घरी जाताना मासा ओल्या पोत्यात. रस्त्यात कोणी भेटलाच तर, "बसलो होतो उगाच."

अशात ती मंडळी आली. मूर्तिजापूरच्या बाजारात एक गोरा साहेब मुंबईच्या पेढीसाठी कापूस घ्यायला उतरला होता. त्याला गळाचा नाद. त्यानं एक डॉक्टर, एक अकोल्याचा वकील आणि तिथल्या शाळेतला मास्तर असे हाताशी धरले आणि दर रविवारी आमच्या डोहावर येऊन बसायला सुरुवात केली. चकाकत्या काठ्या, काठीला दोरी गुंडाळायची चकरी, बसायला घडीच्या खुर्च्या. साहेब मासा धरायचा, हातात घेऊन उलटासुलटा बघायचा आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा.

धरलेला मासा सोडून देणारा माणूस गावानं पाहिला नव्हता. पण गावाला उलगडा व्हायला वेळ लागला नाही. हाच साहेब बाजारात कापसाच्या बांधलेल्या डोकड्यातून मूठभर वानगी उपसायचा, बोटांनी तंतू ओढून बघायचा, परत कोंबायचा, आणि मग भाव पाडायचा. पाटील म्हणाला, "थो नदीची वानगी घेऊन राह्यला." मलाही ते तंतोतंत पटलं. आज पाण्याची प्रत ठरेल, उद्या पाण्यावर सारा बसेल.

मास्तरचं कोडं त्याहून मोठं. तो पुण्याकडचा ब्राह्मण, मासा खाणं सोडा, मासा शिजलेल्या भांड्याला हात न लावणारा. तो गळ टाकून बसतो याचा अर्थ काय? कुठेतरी पाणी मुरत होतं.

मग एक दिवस मास्तर चावडीवर आला. त्यानं काही लपवून ठेवलं नाही, सगळं सरळ सांगितलं, आणि तिथेच त्याचं चुकलं. तो म्हणाला, "आगगाडीचा पूल होणार आहे. त्याला दगड हवा. कंत्राटदाराचा डोळा तुमच्या डोहाच्या खडकावर आहे, कारण तो पुलाजवळ आहे. टेकडीवरचा दगडही चालतो, फक्त गाड्या लांबून आणाव्या लागतील. आमच्या साहेबांनी इंजिनियरांना विनंती केली आहे की या डोहावर पुष्कळ लोक गळ टाकतात, तो राहू द्या. ते म्हणाले, मी स्वतः येऊन बघतो. लोक खरंच येत असतील आणि डोहात मासे असतील, तर टेकडीचा दगड घेऊ."

पाटील चंची सोडून पान लावू लागला. मास्तर पुढे म्हणाला,

"तेव्हा आपण सगळ्यांनी रविवारी आमच्यात यावं. आमच्यासारखी काठी पाहिजे असं नाही. नेमानं बसणाराच पाहिजे असंही नाही. वर्षातून दोनदा गळ टाकणाऱ्यानंसुद्धा यावं."

पाटलानं विचारलं, "फी काय लागन?"

"काही नाही."

"मंग आमी आल्यानं तुमाले काय भेटते?"

मास्तर म्हणाला, "सोबत."

तो गेल्यावर चावडीवर जे हसू फुटलं ते अजून कानात आहे. सोबत! चकरीवाली काठी घेऊन गोरा साहेब मूर्तिजापूरहून येणार आणि त्याला सोबत हवी तेल्याची! दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. आमचं गाव विहिरीचं पाणीसुद्धा फुंकून प्यायचं. ठरलं असं की खडकाची भीती घालून सगळ्यांना एका जागी गोळा करायचं आणि कोण किती मासे नेतो ते बघून ठेवायचं, असा हा डाव आहे. मी घरी येऊन बापाला सगळं सांगितलं. तो दोरीला पीळ देत होता. त्यानं एवढंच विचारलं, "खडक काढतो म्हने?"

"भेव दाखवून राह्यले."

"हं," तो म्हणाला, आणि पीळ देत राहिला.

पहिल्या रविवारी गावातलं एक माणूसही फिरकलं नाही. मंडळींनी काठावर मांडव घातला होता, एका रांगेत सतरंज्या अंथरल्या होत्या, गूळ-शेंगदाण्याची परात ठेवली होती. आम्ही बाभळींमागून बघत होतो. रांगेनं बसवायचं म्हणजे मोजायला सोपं, असं सुतार म्हणाला. बाप मात्र रोजच्या वाटेनं रोजच्या पायरीवर जाऊन बसला. त्याला मंडळी दिसत नव्हती आणि मांडवही दिसत नव्हता, तेव्हा त्यानं का जागा बदलावी? मास्तर उठून त्याच्यापाशी गेला, खाली दगडावर बसला. मी झाडाआडून पुढे सरकलो.

बापानं गळ पुन्हा पाण्यात टाकला. मग बापानंच विचारलं, "मासा खात नाई म्हन्ते तुमी."

"नाही खात."

"खात नाई तं धरता कावून?"

मास्तर म्हणाला, "खरं सांगू बाबा? दोरी ओढली जाते ना, पाण्यातून कोणीतरी हाक मारल्यासारखं होतं. त्याच्यासाठी येतो."

बाप हसला. डोळे गेल्यापासून मी त्याला असा मोकळा हसताना पाहिला नव्हता. त्यानं स्वतःच्या बोटावरची दोरी सोडवून मास्तरच्या बोटाला गुंडाळली आणि म्हणाला, "डोये झाका. आता पाहा." मास्तरनं खरंच डोळे मिटले. मला त्या दोघांचा हेवा वाटला, आणि मास्तरवरचा माझा संशय दुप्पट झाला. माझ्या बापाला हसवणारा माणूस साधा असणार नाही.

त्यानंतर मंडळींनी चाल बदलली. सतरंज्या गुंडाळल्या. मास्तरनं निरोप धाडला की ज्यानं त्यानं आपापल्या जागी बसावं, मांडवात यायची गरज नाही. विलायती गळ फुकट वाटले. ते लोकांनी घेतले. फुकटचं घेऊ नये असं आमच्या गावात कोणी कधी म्हटलेलं नाही. वर असंही कळवलं की ज्या रविवारी इंजिनियर साहेब येतील, त्या दिवशी सगळ्यात मोठा मासा धरणाऱ्याला पागोटं बांधू. पागोट्याचं ऐकून तर पाटील जाग्यावर उठून उभा राहिला. "पाह्यलं? चांगली कपाशी दाखवली त्याची जमीन पयल्या प्रतीत गेली. आता मोठा मासा दाखवन त्याचं काय होईन?"

पण न जाणंही धोक्याचं होतं. अजिबात गेलो नाही तर लपवतो आहोत असं दिसेल. मग पाटलानं मधली वाट काढली. सगळ्यांनी जायचं, गळ टाकायचे, मान राखायचा, आणि ताकास तूर लागू द्यायची नाही. विचारलं तर काई नाई. रोज येता का? नाई जी, आजच आलो, तुमी बोलावलं म्हून.

तो रविवार उजाडला. सारं गाव काठावर. मास्तरचा चेहरा खुलला होता. याला हाक मार, त्याला हाक मार, प्रत्येकाच्या जवळ जाऊन राम राम कर. त्याला वाटलं, जमलं. उन्हं चढल्यावर इंजिनियर आला, गोरा, डोक्यावर मोठी टोपी, पायात जाड बूट. तो पाण्याकडे कमी आणि खडकाकडे जास्त बघत होता. ते माझ्या तेव्हाच ध्यानात आलं.

मी बापाच्या शेजारी होतो, गांडुळं लावून द्यायला. आणि नेमकं त्याच दिवशी डोहानं हात सैल सोडला होता. तेल्याला लागले, सुताराला लागले. ज्याला लागे तो इकडेतिकडे बघून पोत्यात घाले आणि पोतं मांडीखाली दाबून बसे. बापाचं बोट एकदम ताठ झालं. तो उठून उभा राहिला, दोरी देत राहिला, घेत राहिला, तोंडानं अवाक्षर नाही. बाहेर आली ती मरळ माझ्या दंडाएवढी जाड होती. अशी मरळ मी पुन्हा पाहिली नाही. बापानं तिच्यावरून हात फिरवला, डोक्यापासून शेपटीपर्यंत आणि परत. त्याच्या तोंडावरचा आनंद मला बघवेना, इतका तो उघडा होता. मी घाईघाईनं मासा ओल्या पोत्यात घातला, पोतं पायरीखालच्या पाण्यात सोडलं आणि त्याचं तोंड बापाच्या टाचेखाली दिलं.

मांडवाकडून मास्तर आणि तो टोपीवाला काठाकाठानं येत होते. प्रत्येकापाशी थांबत, मास्तर विचारी, ऐके, साहेबाला सांगे. 'काई नाई जी.' 'कोरडंच हाय जी.' 'आजच आलो जी.' मला दुरून मास्तरचा आवाज दर वेळी जरा खाली जाताना ऐकू येत होता. शेवटी ते आमच्या पायरीशी आले.

मास्तर बापाच्या अगदी जवळ उकिडवा बसला. म्हणाला, "बाबा, तुम्ही तरी सांगा. तुम्ही रोज बसता. डोहात मासे आहेत ना?"

बापाच्या टाचेखाली पोतं हललं. मला दिसलं. मास्तरला दिसलं की नाही, देव जाणे. बापानं मान जराशी वाकडी केली, जणू कुठला आवाज ऐकतो आहे. मला वाटलं तो आता सांगणार. खरं तर मला वाटलं त्यानं सांगावं, ती मरळ वर उचलावी, ते पागोटं त्याच्याच डोक्याला बांधलं जावं आणि गावानं बघावं. खडकावर बूट करकरले. बाप म्हणाला, "काई नाई जी."

मास्तर उठला. त्यानं साहेबाला काय सांगितलं ते मला समजलं नाही, पण सांगायला फार शब्द लागले नाहीत. पागोटं त्या दिवशी वकिलाला मिळालं, करंगळीएवढ्या माशावर. तो बिचारा ओशाळून गेला.

दिवस मावळायच्या आतच गावात घरोघर चुली पेटल्या. प्रत्येक आळीत माशाचा वास सुटला होता. लोक एकमेकांच्या ओसरीवर जाऊन हसत होते, वकिलाच्या पागोट्याची नक्कल करत होते. आमच्या घरी ती मरळ एका भांड्यात मावेना. बाप जेवला, पण तिखटाबद्दल त्यानं काही सांगितलं नाही.

पुढे पावसाळ्याआधीच सुरुंग लागले. पहिल्या बाराला गावातले कुत्रे पळाले, नंतर त्यांनाही सवय झाली. खडकाचा दगड गाड्यांतून पुलाकडे गेला आणि चुरा, माती, राबिट सगळं डोहात लोटलं. आठवड्यांमागून आठवडे ते चाललं. लोक म्हणाले, "त्याले दगड पायजेच होता, आपुन काईबी सांगतलं असतं तं नेलाच असता." असेलही. अजून मला वाटतं तसं असेल, आणि अजून मला त्या वाटण्याचाही भरवसा नाही. मला राग आला होता. कधी पाटलाचा यायचा, कधी साहेबाचा, कधी मास्तरचा, की त्यानं आम्हाला खोटं सांगून का नाही बोलावलं. खोटं सांगितलं असतं तर आम्ही नीट समजून घेतलं असतं.

सुरुंग थांबल्यावर बाप एक दिवस वाटेला लागला. मी मागून गेलो. बाभळीचं खोड हाताला लागलं, उतार लागला, वाळू लागली. मग त्यानं पायरीसाठी पाय उचलला. पाय खाली आला तो भुसभुशीत मातीत, आणि तो गुडघ्यावर पडला. मी धावलो. त्यानं माझा हात झिडकारला, बसल्या बसल्याच हातानं चौफेर चाचपलं, आणि म्हणाला, "चाल घरी." त्यानंतर तो ओसरीवरच बसे. हातात दोरी असे, बोटाला गुंडाळलेली, दुसरं टोक नुसतं खाली लोंबत.

दिवाळीच्या सुमाराला मास्तर घरी आला. बैलांची दमणी दारात सोडली, एकटाच आत आला. बायकोनं त्याच्यासाठी कोऱ्या गडव्यात विहिरीचं पाणी काढून ठेवलं. ते तो प्यायला, याचं मला नवल वाटलं. त्यानं बापाला सांगितलं की मंडळी आता दुसऱ्या डोहावर बसते, लांब आहे, पण दर रविवारी दमणी पाठवीन, तुम्ही या. तुमच्याशिवाय आम्हाला कोणाला दोरीची भाषा येत नाही.

बाप म्हणाला, "तिथली वाट माह्या पायाले ठाव नाई, मास्तर."

मास्तरनं रिकामा गडवा खाली ठेवला. मग त्यानं अगदी हळू विचारलं, "बाबा, आता काही राहिलं नाही. आता तरी सांगा. त्या दिवशी तुम्हाला काही लागलं होतं?"

बापानं पुन्हा तशीच मान वाकडी केली. ऐकत राहिला. आणि म्हणाला, "काई नाई जी."

मास्तरनं त्याच्या पायाला हात लावला. ब्राह्मणानं आमच्या पायाला हात लावावा हे मी पहिल्यांदा पाहिलं. मग तो उठून गेला. दमणीच्या घुंगरांचा आवाज गल्लीतून दूर गेला, तेव्हा बापानं मला हाक मारली.

"गेला काय?"

"गेला."

"त्याच्यासंगं आज कोन होतं?"

"कोनी नाई."

"बूटवाला?"

"नाई बा. मास्तर एकलाच होता."

बाप बोटाची दोरी सोडवू लागला. गाठ सुटेना. बऱ्याच वेळानं म्हणाला, "मंग सांगाले पायजे होतं."

मी ओसरीवरून उडी मारली आणि गल्लीच्या तोंडाशी गेलो. दमणी वेशीपाशी पोचली होती, हाक मारली असती तर मास्तरला ऐकू गेली असती. पण पारावर पाटील आणि आणखी चौघं बसले होते, आणि ते सगळे माझ्याचकडे बघत होते. पाटलानं विचारलं, "काय झालं रे? मास्तर कावून आला होता?"

मी म्हणालो, "काई नाई."